संरक्षणाच्या पैशावर लोकसभेत चर्चा व्हायलाच पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एकानं लिहिलं होतं की लष्कराच्या खर्चावर प्रश्न विचारले की आपली गुपितं शत्रूला कळतात आणि विचारणारे लोक जवानांचं मनोबल खच्ची करतात, त्यामुळं संरक्षणाचं बजेट आलं की सगळ्या खासदारांनी एकमुखानं हात वर करावा आणि पुढच्या विषयाला लागावं. ते पत्र मी दोनदा वाचलं. लिहिणाऱ्याचं लष्करावर प्रेम आहे यात शंका नाही, पण म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही, आणि न पटण्याचं कारण मी पुस्तकातनं नाही तर स्टोअरच्या रॅकपुढं उभं राहून शिकलोय म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांब होईल, शक्य असेल तर काटछाट न करता छापा.

मी गडहिंग्लज भागातला, २२ वर्षं फौजेत होतो, आता कोल्हापुरात स्थायिक आहे. आमच्या जिल्ह्यात फौज म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, आजरा चंदगड गडहिंग्लजकडं घर सोडून घर फौजी आहे, शिरोळ तालुक्यात तर गावाच्या नावातच सैनिक आहे, सैनिक टाकळी. टेंबलाईला टेरिटोरियल आर्मीची १०९ मराठा बटालियन आहे. माझा पुतण्या आत्ता पुढं पोस्टिंगला आहे. तेव्हा फौजेचं वाईट चिंतणारा माणूस मी नव्हे हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या नोकरीची बरीचशी वर्षं स्टोअरमध्ये गेली. फौजेत हिशेब कसा ठेवतात ते बाहेर फारसं माहीत नसतं. प्रत्येक वस्तूचं बिन कार्ड, त्यावर आलेलं गेलेलं, वर लेजर, आणि वर्षातनं ठराविक वेळी बोर्ड, म्हणजे अधिकाऱ्यांचं पथक, येतं मोजणीला. लेजरला १२० ब्लँकेट आणि रॅकवर ११८ भरली तर ती दोन कुठं गेली हे सांगितल्याशिवाय सही होत नाही, मग रात्री कितीही वाजू देत. मोजणीला आलेल्या साहेबाला कुणी कधी म्हटलं नाही की साहेब तुम्ही मोजायला लागलात म्हणजे आमचा अपमान झाला. उलट मोजणी कडक झाली की आम्हालाच बरं वाटायचं कारण उद्या काही कमी निघालं तर आळ आमच्यावर नको.

आता एक प्रसंग सांगतो, जागा आणि युनिट सांगत नाही. एका वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी बुटांचा लॉट आला. पेट्या मोजल्या, आकडा बरोबर. लेजरला चढवला, कमतरता शून्य, वर रिपोर्ट गेला. पेट्या फोडून साइज बघायला लागलो तर सहा नंबर आणि दहा-अकरा नंबर भरमसाट, आणि आपल्या पोरांना जे लागतात ते सात नि आठ निम्मे सुद्धा नाहीत. कागद म्हणतोय सगळ्यांना बूट आहेत आणि समोर रांगेत उभ्या असलेल्या पोराच्या पायात घालायला माझ्याकडं बूट नाही. चंदगडकडचा एक पोरगा होता, नुकताच भरती झालेला, तो दोन जोड मोजे चढवून दहा नंबरचा बूट ओढत ड्युटीला गेला, टाच मागनं उचलायची आणि बूट जमिनीवरच राहायचा. आम्ही पत्रव्यवहार केला, बदली साइज यायला पुढचा उन्हाळा उजाडला. चोरी कुणी केली नव्हती, पैसे कुणी खाल्ले असंही मी म्हणत नाही. फक्त वर जिथं मंजुरी झाली तिथं एकानं तरी विचारायला पाहिजे होतं की किती बूट हे कळलं, कुठल्या साइजचे? ते कुणी विचारलं नाही.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत कॅगचा, म्हणजे सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, एक अहवाल संसदेत मांडला गेला, सियाचीन लडाखसारख्या उंचावरच्या जवानांचे कपडे, साहित्य आणि रेशन याबद्दलचा. त्यात स्पष्ट लिहिलंय की बर्फातल्या गॉगलची टंचाई ६२ ते ९८ टक्क्यांपर्यंत होती आणि नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात जवानांना मल्टिपर्पज बूट मिळाले नाहीत, जुनेच पुन्हा दुरुस्त करून वापरावे लागले. मी बातमी वाचली तेव्हा मला तो चंदगडचा पोरगा आठवला. आता सांगा, कॅगनं हे लिहिलं म्हणून जवानाचं मनोबल खचलं की बूट नव्हते म्हणून खचलं? कॅगचे अहवाल तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीनं हा विषय पुढं चौकशीला घेतला, अधिकाऱ्यांना बोलावून विचारलं, म्हणजे संसदेनं प्रश्न विचारला तो जवानाच्याच बाजूनं विचारला.

पैसा किती आहे ते पण बघा. २०२५-२६ च्या बजेटात संरक्षण मंत्रालयाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले होते, केंद्राच्या एकूण बजेटच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास, सगळ्या मंत्रालयांत सगळ्यात जास्त. त्यातले शंभर रुपये धरले तर साधारण ४६ रुपये सैन्यदलांचे पगार, रेशन, इंधन, देखभाल अशा चालू खर्चाला, २६ रुपये नवीन विमानं, जहाजं, तोफा वगैरे भांडवली खरेदीला, २४ रुपयांच्या आतबाहेर पेन्शनला आणि उरलेले चार मंत्रालयाच्या सिव्हिल बाजूला. पेन्शनवाले आम्ही ३४ लाखांच्या वर आहोत, माझी पेन्शन त्यातलीच आहे, महिन्याच्या महिन्याला येते आणि त्यावर माझं घर चालतं. म्हणूनच त्या पैशावर कोण बोलतंय आणि कोण बोलत नाही याच्याकडं माझं लक्ष असतं.

बजेट मंजूर कसं होतं ते बऱ्याच लोकांना माहीत नाही. घटनेच्या ११३ व्या कलमाप्रमाणं सरकारला प्रत्येक खात्याच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभेपुढं ठेवाव्या लागतात आणि लोकसभेनं हो म्हटल्याशिवाय तो पैसा मिळत नाही. संरक्षणाच्या अशा चार मागण्या असतात, गेली काही वर्षं त्यांचे नंबर १९ ते २२ आहेत, मंत्रालयाची सिव्हिल बाजू, महसुली म्हणजे चालू खर्च, भांडवली खर्च आणि पेन्शन. खासदाराला कपात सूचना देता येते, मागणी एक रुपयावर आणा असं म्हणून धोरणालाच विरोध करता येतो किंवा शंभर रुपये कमी करा म्हणून एखादी ठराविक तक्रार मांडता येते. हे सगळं हत्यार खासदाराच्या हातात आहे. पण चर्चेला दिवस कमी, मग दोन-चार मंत्रालयं निवडतात, त्यात संरक्षणाचा नंबर लागतोच असं नाही, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी ठरलेल्या वेळेला अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. मान उडवायचं यंत्र असतं ते, इथं उडते ती चर्चा.

आपल्या कोल्हापूरच्या माणसाला हे लगेच कळेल. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आपण सगळ्यांनी बघितल्यात. मी फौजेतनं परत आल्यावर गावच्या एका दूध संस्थेचा सभासद झालो, पहिल्याच सभेला देवळाच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलो होतो. सचिवांनी विषयपत्रिका हातात घेतली, अहवाल वाचला असं समजून, ताळेबंद वाचला असं समजून, पुढच्या रांगेतनं मंजूर मंजूर मंजूर, मागच्या रांगेतनं नामंजूर नामंजूर, दहा मिनिटांत नऊ विषय संपले आणि लोक चप्पल शोधायला लागले. मी उभा राहिलो आणि पशुखाद्याच्या पोत्यामागं गाडीभाडं किती लावलंय एवढंच विचारलं. शेजारचा म्हणाला, "मामा, बसा खाली, चहा आलाय." पुढच्या वर्षी तेच भाडं आम्ही चार सभासदांनी लेखी विचारलं तेव्हा ते कमी झालं. चार माणसांनी एक ओळ लिहिली एवढंच. दूध संस्थेच्या पोत्याला आपण एवढं भांडतो आणि पावणेसात लाख कोटीला चर्चेविना मंजूर?

आणि हे मी वाढवून सांगत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये लोकसभेत गोंधळ चालू असताना सगळ्याच्या सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या एका दमात चर्चेविना मंजूर झाल्या, त्यात संरक्षणाचे पेन्शन धरून ४ लाख कोटींच्या वर होते. २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा तसंच. गोंधळाला सत्ताधारी जबाबदार की विरोधक याची भांडणं टीव्हीवर ऐकली, मला त्यात रस नाही. कुणाचंही सरकार असू दे. २००४ आणि २०१३ साली सुद्धा मागण्या अशाच चर्चा न होता गेल्या होत्या, तेव्हा वेगळी माणसं खुर्चीवर होती. सवय सगळ्यांना लागलेली आहे.

२०१८ चीच गोष्ट जरा नीट बघा कारण ती माझ्या मनातनं जात नाही. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती असते, ३१ खासदार, २१ लोकसभेचे १० राज्यसभेचे, १९९३ पासून ही पद्धत पक्की झालेली. बजेट मांडल्यावर अधिवेशनाला मधली सुट्टी असते तेव्हा ही समिती मागण्या तपासते, सेनेच्या अधिकाऱ्यांना बोलावते, विचारते, आणि अहवाल देते. त्या वर्षी समितीचे अध्यक्ष होते मेजर जनरल निवृत्त भुवनचंद्र खंडुरी, सत्ताधारी पक्षाचेच खासदार. त्यांच्यापुढं लष्कराच्या उपप्रमुखांनी सांगितलं की आपल्याकडची ६८ टक्के साधनसामग्री जुनाट वर्गातली आहे, २४ टक्के सध्याच्या काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक, आणि यंदाच्या बजेटनं आमच्या आशेवर पाणी पडलं. वर्दीतला इतका मोठा अधिकारी संसदेच्या समितीला तोंडावर हे सांगतो, समिती ते आकड्यानिशी छापते, आणि ज्या आठवड्यात ते देशापुढं आलं त्याच आठवड्यात लोकसभेनं सगळ्या मागण्या गिलोटिननं पास केल्या, त्या ६८ टक्क्यांवर एक खासदार सुद्धा सभागृहात उठून बोलला नाही. पुढं त्याच सप्टेंबरमध्ये खंडुरींच्या जागी दुसरे अध्यक्ष आले. समितीची मुदत वर्षाची असते, बदल नियमात बसतो. पण फौजेची नस माहीत असलेला माणूस त्या खुर्चीवर राहायला पाहिजे होता असं मला आजही वाटतं.

तेव्हा मनोबलाचं म्हणणाऱ्यांना विचारतो, उपप्रमुख समितीपुढं का बोलले? त्यांना ऐकणारं कुणीतरी पाहिजे होतं म्हणून. चौकीवरचा जवान तर बोलू शकत नाही, त्याला शिस्त आहे, आर्मी अॅक्ट आहे. त्याच्या वतीनं बोलायची एकच जागा या देशात ठेवलेली आहे आणि ती संसद आहे.

दारूगोळ्याचं पण तेच. ४० दिवसांच्या लढाईला पुरेल एवढा साठा पाहिजे असं मान्य झालेलं, आणि २०१५ साली कॅगनं सांगितलं की निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसाला पण पुरणार नाही. २०१७ ला पुन्हा तपासलं तर ४० टक्के प्रकार अजून १० दिवसांच्या खालीच. यावर आरडाओरडा झाला, त्याच सुमारास लष्कराच्या उपप्रमुखांना थेट खरेदीचे अधिकार दिले गेले, कामाला वेग आला. कुणी मोजलं नसतं तर?

आता गुपिताचा मुद्दा, कारण त्या पत्रलेखकानं तोच मुख्य धरलाय, शत्रूला कळेल. बरोबर आहे, सगळं उघड करता येत नाही, कुठल्या डेपोत किती गोळे आहेत हे पेपरात छापा असं मी म्हणणारच नाही. पण गुपित राखून सुद्धा हिशेब देता येतो आणि ते आपल्याच माणसानं करून दाखवलंय. १९६२ ला चीननं हल्ला केला, लढाई चालू असताना ८ नोव्हेंबरला संसद बोलावली, आणि गोळ्या चालू असताना दीडशेहून जास्त खासदार बोलले, सरकारवर टीका पण झाली. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण अजून म्हणतो. यशवंतराव आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. पराभव का झाला याची हेंडरसन ब्रुक्स चौकशी झाली, तो अहवाल पूर्ण उघड करता येत नव्हता, पण यशवंतराव गप्प बसले नाहीत, २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत उभे राहिले आणि ट्रेनिंग कुठं कमी पडलं, साहित्य कसं होतं, कमांडची पद्धत कशी होती, डोंगरावर चढायला जवानाचं शरीर तयार होतं का, अधिकाऱ्यांचं काय, याचा सारांश त्यांनी सभागृहाला सांगितला. हरलेल्या लढाईचा हिशेब, तोही वर्षाच्या आत. कारगिलनंतर सुद्धा सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढं ठेवला, काही मजकूर झाकून का होईना पण ठेवला. तेव्हा जमलं तर आता का नाही?

आता काय होतंय, राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवरचा कॅग अहवाल १३ फेब्रुवारी २०१९ ला संसदेत आला, किमतीचे आकडे झाकलेले, आणि तो अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. विमान चांगलंच आहे, ते घ्यायलाच पाहिजे होतं. पण शेवटच्या दिवशी अहवाल ठेवल्यावर खासदारानं तो वाचायचा कधी आणि बोलायचं कधी? आणि अलीकडच्या वर्षांत संरक्षणावरचे बरेच कॅग अहवाल संसदेत मांडले जातात पण कॅगच्या वेबसाइटवर टाकले जात नाहीत. जो कागद सभागृहाच्या टेबलावर ठेवला तो देशापुढं आलाच की, मग माझ्यासारख्याला मोबाइलवर उघडून वाचायला का मिळू नये.

आणखी एक गोष्ट, पैसे परत जाण्याची. २०२४-२५ ला भांडवली खरेदीला १ लाख ७२ हजार कोटी ठेवले होते, सुधारित अंदाजात ते १ लाख ५९ हजार ५०० कोटीवर आले, म्हणजे साडेबारा हजार कोटी वापरता आले नाहीत. एकीकडं हवाई दलाच्या मंजूर ४२ स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९, तेजस मार्क वन ए च्या ८३ विमानांची ऑर्डर २०२१ ची आहे पण इंजिनं वेळेवर येईनात म्हणून डिलिव्हरी लांबली. आमच्या उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फाउंड्रीत एखादं कास्टिंग चार दिवस उशिरा गेलं तर गिऱ्हाईक दंड लावतं, पुढची ऑर्डर थांबवतं. मग इथं उशीर का, जबाबदार कोण, दंड लावला का, हे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून सांगावं लागलं पाहिजे. स्थायी समितीनं कितीतरी वर्षं मागणी केलीय की संरक्षणाच्या भांडवली पैशाचा वेगळा फंड करा, ३१ मार्चला जो खर्च झाला नाही तो बुडू नये. ती सूचना एका अहवालातनं दुसऱ्या अहवालात जाते, सरकार उत्तर देतं, पुन्हा पुढच्या वर्षी तीच. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, रोजच्या कारभारात तिनं पडायचं नाही असा नियमच आहे, मंत्र्याला समितीपुढं बोलावत नाहीत, बैठका बंद दाराआड. ब्रिटनमध्ये हाऊस ऑफ कॉमन्सची डिफेन्स कमिटी बऱ्याचशा सुनावण्या उघड घेते, मंत्री स्वतः येऊन बसतात. आपल्याकडं निदान समितीच्या अहवालावर तरी सभागृहात बोला.

सगळे आकडे बाहेर काढा असं माझं म्हणणं नाही. संरक्षणाच्या चार मागण्यांवर दरवर्षी लोकसभेत किमान एक पूर्ण दिवस चर्चा व्हावी, गोंधळ असला तरी ती दुसऱ्या दिवशी घ्यावी पण गिलोटिनला देऊ नये. जे अगदीच गुप्त आहे ते समितीपुढं बंद दाराआड सांगा, चालेल. बूट, गॉगल, रेशन, दवाखान्याचं औषध, उशिरा आलेली विमानं हे गुप्त नाही, ते उघड्यावर बोला.

कोल्हापूर आणि हातकणंगले, आपल्या जिल्ह्याला दोन खासदार आहेत. निवडणुकीत दोन्हीकडच्या उमेदवारांनी माजी सैनिकांचे मेळावे घेतले, शाल-नारळ दिलं, मी पण एका मेळाव्याला गेलो होतो. शालीबद्दल आभार. पण मला त्यापेक्षा त्यांच्या नावावर एखादी कपात सूचना बघायची आहे, शंभर रुपयांची का असेना, जवानाच्या बुटावरची. गावागावातल्या माजी सैनिक संघटनांनी सुद्धा पेन्शनच्या फरकाच्या पलीकडं जाऊन हे विचारायला पाहिजे, आपण विचारलं तर आपल्याला देशद्रोही म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही, साध्या नागरिकाला मात्र तसं म्हणतात आणि तो गप्प बसतो. म्हणून आधी आपणच उठलं पाहिजे.

मी दोन्ही खासदारांना स्पीड पोस्टानं पत्र पाठवलंय. त्यात तीन गोष्टी विचारल्यात, गेल्या बजेट अधिवेशनात तुम्ही संरक्षणाच्या मागण्यांवर कपात सूचना दिली होती का, स्थायी समितीचा अहवाल वाचला का, आणि पुढच्या वर्षी चर्चेसाठी संरक्षण मंत्रालय निवडा असं तुमच्या पक्षाच्या गटनेत्याला लेखी कळवाल का. पोस्टाच्या पावत्या जपून ठेवल्यात. उत्तर आलं की तुमच्याकडं पाठवतो, आहे तसं छापा.

आपला,
एक माजी सैनिक,
कोल्हापूर